सीमाभागातील छोट्या संशोधन-प्रकाशकांनी सहकारी संस्था काढावी का?

मार्कंडेयकाठ

नमस्कार. आम्ही बेळगाव आणि खानापूर परिसरातील चार छोट्या प्रकाशन मंडळांचे कार्यकर्ते आहोत. स्थानिक इतिहास, शिलालेख, बोली आणि लोकदैवते यांवरील मराठी संशोधन आम्ही छापतो. त्यात काही प्रबंधांची पुस्तके आहेत आणि एक षण्मासिकही आहे. एका पुस्तकाच्या जेमतेम ३०० प्रती निघतात. त्यांतील बऱ्याचशा कडोली, उचगाव येथील साहित्य संमेलनांत टेबल मांडून विकल्या जातात. उरलेल्या वितरकाकडे जातात. तेथे ४० टक्के सूट द्यावी लागते आणि हिशेब कधी येईल याची खात्री नसते. चौघांचे डीटीपी वेगळे, मुद्रितशोधक वेगळे, आणि गोदाम म्हणजे कोणाच्या तरी घराचा माळा.

हा भार एकत्र उचलावा असे सर्वांना वाटते, पण कसा, यावर एकमत नाही. कोणी ट्रस्ट म्हणतात, कोणी प्रोड्युसर कंपनी. मला सहकारी संस्था योग्य वाटते. तिची नोंदणी कोणत्या कायद्याखाली करावी? आणि कोणते पुस्तक छापायचे हे उद्या बहुमताने ठरू लागले, तर प्रत्येक मंडळाच्या संपादकीय भूमिकेचे काय होईल?

निपाणीकर_सभासद

प्रथम कायद्याचे पाहू. प्रोड्युसर कंपनीचा विचार सोडून द्यावा, कारण कंपनी कायद्यातील ती तरतूद शेतमाल, दूध, हातमाग, हस्तकला अशा प्राथमिक उत्पादनांच्या उत्पादकांसाठी आहे आणि पुस्तक त्यात बसत नाही. ट्रस्ट काढणे सोपे आहे, मात्र तेथे सर्व अधिकार विश्वस्तांच्या हाती राहतात. चार मंडळांना बरोबरीचे मालक व्हायचे असेल, तर ती रचना अपुरी पडते.

सहकारासाठी आपल्याकडे तीन वाटा आहेत: १९५९ चा कर्नाटक सहकारी संस्था कायदा, १९९७ चा कर्नाटक सौहार्द सहकारी कायदा आणि केंद्राचा २००२ चा बहुराज्य सहकारी संस्था कायदा. महाराष्ट्रातील चंदगड-गडहिंग्लजचे लेखक आणि अभ्यासक आपलेच असल्यामुळे तिसरी वाट भावनेला पटते, पण सभासद व्यक्ती असतील तर तेथे प्रत्येक राज्यातील किमान ५० जणांच्या सह्या लागतात. शिवाय नफ्यातील किमान २५ टक्के राखीव निधीत टाकावे लागतात आणि नोंदणीसाठी दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांकडे जावे लागते. चार मंडळांनी सुरुवातीलाच एवढा पसारा मांडू नये. कोल्हापूर किंवा पुण्याला पुस्तके विकण्यासाठी बहुराज्य नोंदणी लागत नाही. तिकडच्यांना सभासद करून घ्यायचे असेल तरच तिचा विचार करावा.

माझा कौल सौहार्द कायद्याला आहे. सरकारी भागभांडवल न घेता स्वतःच्या बळावर चालणाऱ्या संस्थांसाठीच तो केलेला आहे, आणि संशोधन छापणाऱ्यांना सरकारपासून तेवढे अंतर हवेच. पोटनियम कन्नडमध्ये सादर करावे लागतील, हे गृहीत धरून कन्नड जाणणारा सनदी लेखापाल आतापासूनच सोबत घ्यावा.

ग्रंथालयातून

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. हुक्केरी तालुक्यात १९६९ पासून सहकारी संस्था वीजपुरवठा करते. ती वीज निर्माण करीत नाही. विकत घेऊन घराघरांत पोहोचवते, मीटर वाचते, बिले वसूल करते. प्रकाशकांच्या संस्थेनेही हेच करावे. पुस्तक निवडणे, तज्ज्ञांकडून तपासून घेणे, संपादन करणे आणि त्यावर आपली मुद्रा उमटवणे हे प्रत्येक मंडळाकडेच राहावे. गोदाम, मागणी, टपाल, वसुली, मुद्रितशोधकाचे मानधन आणि संकेतस्थळ एवढेच संस्थेकडे द्यावे. संपादकीय निर्णय संस्थेच्या कक्षेत येणार नाही, असे पोटनियमांतच स्पष्ट लिहिले, तर बहुमताची भीती उरत नाही.

इंग्रजीतील पाच छोट्या मुक्त-प्रवेश (म्हणजे पुस्तके ऑनलाइन विनामूल्य वाचू देणाऱ्या) प्रकाशकांनी २०१८ मध्ये ‘स्कॉलरलेड’ हा गट याच विचाराने उभा केला. तो आपल्या अर्थाने नोंदणीकृत सहकारी संस्था नाही, पण पाचही जणांची नावे आणि भूमिका वेगळ्या ठेवून तांत्रिक व्यवस्था सामायिक करण्याचे तत्त्व तेच आहे. भारतात केरळच्या कोट्टायम येथे १२ लेखकांनी १९४५ साली १२० रुपयांच्या भांडवलावर साहित्य प्रवर्तक सहकारी संस्था काढली आणि लेखकांना ३० टक्के मानधन देण्याचा पायंडा पाडला. तेथे मालकी लेखकांची होती, आपल्याकडे ती मंडळांची असेल; हा फरक लहान नाही, कारण लेखकाला सभासदत्व द्यायचे की नाही हा प्रश्न आपल्यालाही टाळता येणार नाही. माझ्या मते द्यावे.

षण्मासिकाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. ओजेएस ही नियतकालिकांची मुक्त संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. लेखांना डीओआय (लेखाची ऑनलाइन कायमची ओळख) क्रमांक हवे असतील, तर ते नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेत छोटे प्रकाशक एखाद्या प्रायोजक संस्थेमार्फत सहभागी होऊ शकतात. एकेका मंडळाला झेपणार नाही असे हे काम चौघांना मिळून सहज झेपेल, आणि आज केवळ छापील अंकात अडकलेला खानापूरच्या शिलालेखावरील लेख परगावच्या अभ्यासकाला सापडू लागेल.

हिशेबतपासनीस

वरील मताशी मी सहमत आहे, पण पैशाचा मुद्दा राहून गेला आहे. सहकारात एका सभासदाला एकच मत असते, मग त्याची वर्षाला दहा पुस्तके असोत वा एक. ज्याची पुस्तके अधिक खपतात त्याला कालांतराने हे बोचू लागते. म्हणून मत समान ठेवावे, मात्र वर्षअखेरीचा वाढावा (खर्च वजा जाता उरलेली रक्कम) भागांच्या नव्हे, तर संस्थेमार्फत झालेल्या विक्रीच्या प्रमाणात वाटावा. विकलेल्या प्रतींचे पैसे दर तिमाहीला देण्याचे बंधनही लेखी असावे, नाहीतर जुन्या वितरकाच्या जागी नवा वितरक आला एवढेच होईल.

कराकडेही लक्ष असू द्यावे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, त्यामुळे कागद आणि छपाईवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली, तर संस्था सभासदांना देत असलेल्या सेवाही कराच्या कक्षेत येऊ शकतात. आणि ठेवी स्वीकारणे किंवा कर्ज देणे हे उद्दिष्ट पोटनियमांत चुकूनही घालू नये. आपल्या भागात पतसंस्था भरपूर आहेत. पैसा खेळू लागला की पुस्तके मागे पडतात.

मार्कंडेयकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या बैठकीत सौहार्द कायद्याखालील पोटनियमांचा मसुदा ठेवतो. संपादकीय स्वातंत्र्य, विक्रीच्या प्रमाणात वाढावा आणि तिमाही हिशेब ही तीन कलमे त्यात असतील. लेखकांच्या सभासदत्वावर आमच्यात मतभेद आहेत. लेखकांना सभासद करून घेतलेल्या एखाद्या संस्थेत कोणी काम केले असल्यास, त्यांना व्यवस्थापन समितीवर किती जागा दिल्या होत्या, हे कृपया येथे कळवावे.