मुलाला त्याच्या आजाराविषयी किती सांगावे?

प्रश्न (एक आई, डिचोली)

माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायूंचा दुर्मीळ आनुवंशिक आजार असून आता तो व्हीलचेअर वापरतो. बांबोळीच्या रुग्णालयात तपासणीसाठी गेलो की सगळे बोलणे आम्हा पालकांशी होते आणि तो गप्प बसून ऐकतो. अलीकडे तो विचारू लागला आहे की हे पुढे कुठवर जाणार. सासूबाई म्हणतात, सांगू नका, पोर खचेल. शिवाय त्याच्या सोळा वर्षांच्या बहिणीचीही तपासणी करून घ्यावी, असे नातेवाईक सुचवतात. अनुभवी पालकांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (एक पालक, फोंडा)

ताई, माझा मुलगा याच आजारासह वाढला. आपला मुलगा विचारतो आहे, त्या अर्थी त्याने मोबाइलवर बरेच काही वाचलेले असणार, आणि त्यातले पुष्कळसे जुने असते. स्टिरॉइड, हृदयाची औषधे आणि रात्रीच्या श्वासाला यंत्राची मदत यांमुळे आज अनेक तरुण तिशीत पोहोचतात, हे त्याला आपल्या तोंडून कळू द्या. जेवढे विचारेल तेवढ्याचे खरे उत्तर द्यावे. एका बैठकीत सगळे सांगण्याची गरज नाही. पुढच्या तपासणीला त्याला काही वेळ डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्यावे, अशी विनंती जरूर करा. आईसमोर रडू येईल म्हणून मुले जे विचारत नाहीत, ते तिथे विचारतात.

त्याच्या खिशात एक चिठ्ठीही असू द्या: आजाराचे नाव, स्टिरॉइड अचानक बंद करू नये ही सूचना, आणि भूल देताना सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारे औषध टाळावे ही सूचना. अपघात घरापासून दूर झाला, तर ती जीव वाचवू शकते.

उत्तर (निवृत्त शिक्षिका, पेडणे)

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा समावेश आहे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. परीक्षेत लेखनिक आणि तासामागे किमान २० मिनिटे जादा वेळ देण्याची केंद्राची मार्गदर्शक सूचनाही आहे. दहावीचे वर्ष येण्याआधीच शाळेला लेखी कळवा. वर्ग तळमजल्यावर आणण्याची मागणी करताना वर्गमित्रांना काय सांगायचे, हे मात्र मुलालाच ठरवू द्या. गणेश चवथीला मूळ घरी गेल्यावर पायऱ्यांवरून उचलून नेण्याआधीही त्याला विचारावे, कारण या वयात चारचौघांत न विचारता उचलले जाणे फार लागते.

उत्तर (परिचारिका, मडगाव)

बहिणीबद्दल लिहिते. या आजारात बिघडलेले, डिस्ट्रोफिन या स्नायूंतील प्रथिनाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. आई वाहक असल्यास, म्हणजे सदोष जनुक बाळगूनही सहसा स्वतः आजारी नसल्यास, मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी असते; परंतु सुमारे एक तृतीयांश मुलांत जनुकातील हा बदल नव्याने घडलेला असतो, म्हणून आधी आपली तपासणी व्हावी. ती तपासणी दोष ठरवण्यासाठी नसते, हे घरच्यांनाही सांगा. मुलीच्या बाबतीत साधारणपणे ती सज्ञान होऊन स्वतः निर्णय घेईपर्यंत थांबतात. आपण वाहक ठरलात, तर आपल्या हृदयाची तपासणी मात्र लांबवू नका, कारण काही वाहक स्त्रियांच्या हृदयाच्या स्नायूंवरही परिणाम होतो. समुपदेशनाला जाल तेव्हा मुलीलाही सोबत न्या; भावाच्या आजारपणात तिचे प्रश्न बहुधा कुणी विचारलेले नसतात.