कोकणातल्या सर्जरी वॉर्डातला तुमचा पहिला दिवस

अलिबाग, सिंधुदुर्ग, रत्नागिरी इथली सरकारी मेडिकल कॉलेजं गेल्या काही वर्षांतली. डेरवणचं त्याआधीपासून आहेच. त्यामुळे आता आपल्या बऱ्याच मुलामुलींचं सर्जरीचं पहिलं पोस्टिंग आपल्याच माणसांत होतं. पुस्तकं सगळीकडे तीच, पण इथला वॉर्ड पाऊस, दर्या आणि बागा यांच्या हिशोबाने भरतो. पहिल्या दिवशी काय पाहिलंत, कोणी काय शिकवलं, ते लिहा. पेशंटची ओळख पटेल असं काही नको.

दुसरं वर्ष, सिंधुदुर्ग

सर्जरी म्हणजे कापाकापी, असं मनात घेऊन गेले होते. पहिली केस निघाली फुरशाची. काजूच्या बागेत गवत काढताना जांभ्याच्या गडग्यापाशी पायाला चावलेलं. काकींचा पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, कातडी ताणून चकचकीत झालेली, घोट्याजवळ काळपट पाण्याचे फोड. मला वाटलं, आता हिला ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये नेणार.

सरांनी आधी पावलावरची नाडी तपासली. मग बोटं हळूच वर ताणून पाहिली, दुखणं प्रमाणाबाहेर वाढतं का ते कळायला. तेवढ्यात सिस्टरने रक्त काढून कोरड्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये साधारण २ मिली ठेवलं. २० मिनिटं धक्का लावायचा नाही, मग एकदाच तिरकी करायची. ट्यूब काचेचीच हवी, आणि साबणाने धुतलेली चालत नाही, हे तिनेच सांगितलं. तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. फुरशाचं विष रक्ताची गोठण्याची ताकदच संपवतं. सर म्हणाले, "आत्ता इथे चिरा दिला तर रक्त थांबवणार कोण?" आधी एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, मग दर ६ तासांनी पुन्हा हीच टेस्ट, आणि तोवर पायावर डोळ्यांत तेल घालून लक्ष.

बाकीचे पुढच्या खाटेकडे वळले तेव्हा काकींनी माझा एप्रन धरला. "गो बाय, माझो पाय ऱ्हवतलो मां?" मी सरांना परत बोलावलं. ते स्टूल ओढून बसले आणि काय चाललंय ते सगळं तिला मालवणीत समजावलं. सर्जनचं काम म्हणून मला आजही आधी ते बसणं आठवतं.

इंटर्न, मूळ हर्णै

माझं पोस्टिंग जूनमध्ये लागलं. पुरुष वॉर्डात हर्नियाचे पेशंट एवढे कसे, असं विचारलं तर वॉर्डातले मामा म्हणाले, "बंदी आहे ना!" १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. वर्षभर जाळी ओढताना लंगोट घट्ट बांधून दिवस काढलेले खलाशी या दोन महिन्यांत ऑपरेशन उरकून घेतात. मी मच्छीमाराच्या घरातला, पण हे वॉर्डात जाईपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मॅडमनी पेशंटला झोपवून फुगा आत जाऊ दिला, जांघेच्या लिगामेंटच्या मध्यावर, अर्धा इंच वर माझा अंगठा ठेवला आणि त्यांना उभं करून खोकायला सांगितलं. अंगठ्याखाली धक्का जाणवला, फुगा बाहेर आला नाही. म्हणजे इनडायरेक्ट, अंगठ्याखालच्या त्या वाटेनेच बाहेर येणारा हर्निया. पुस्तकातला तो परिच्छेद त्यानंतर मला पाठ करावा लागला नाही. पेशंटला फक्त एक विचारायचं होतं: नारळी पौर्णिमेला बोटीवर जाता येईल का? मॅडमनी ऑपरेशनची तारीख त्या हिशोबानेच धरली, आणि जड ओढायचं कधीपासून ते मुलालाही बोलावून सांगितलं.

तिसरं वर्ष, रायगड

नवीन येणाऱ्यांसाठी थोडक्यात. सकाळी पोटभर खाऊन या. ओटीत उभं राहून गरगरायला लागलं तर लगेच सांगा आणि टेबलापासून लांब जाऊन खाली बसा; कोणी काही म्हणत नाही. निर्जंतुक केलेल्या हिरव्या कापडाला हात लावू नका.

सर्जरी रेसिडेंट, रत्नागिरीची

मला हात धुवायला शिकवलं ते ओटीच्या सिस्टरने. नखांपासून सुरुवात, बोटांच्या मधल्या बेचक्या, मग कोपरापर्यंत. हात कायम कोपरांच्या वर, म्हणजे पाणी कोपराकडूनच गळतं. नंतर हात छाती आणि कमरेच्या मध्ये. कितीही खाज आली तरी नाकाला नाही.

त्या दिवशी आतडं फुटलेल्या पेशंटचं पोट उघडलं होतं. काम आटोपलं, सर टाके घालायच्या तयारीत. सिस्टर मॉप, म्हणजे पोटातलं रक्त टिपायच्या कापडी घड्या, मोजत होती. फळ्यावर लिहिलेल्या आकड्याला एक कमी पडत होता. ती म्हणाली, "सर, थांबा." एवढे सीनियर सर्जन, पण हातातली सुई खाली ठेवून थांबले. चेहऱ्यावर आठी नाही. त्यांनी पोटात पुन्हा हात घालून चारी कोपरे तपासले, मामांनी बादली उपसली, आम्ही पायाखालची जमीन पाहिली. मॉप पेशंटवर पांघरलेल्या ड्रेपच्या घडीत सापडला. सिस्टरने पुन्हा पहिल्यापासून मोजले, "बरोबर" म्हणाली, आणि मगच सरांनी सुई मागितली.