अक्काची अमेरिकन परीक्षा : सांगलीतून तयारी कशी करून घेऊ?

विश्रामबागच्या बाई :
मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. थोरली बहीण, आमची अक्का, वय ६१, न्यू जर्सीत मुलाकडं असते. ग्रीन कार्डाला सहा वर्षं झाली, आता नागरिकत्वाचा अर्ज भरलाय. शिक्षण सातवी, मराठी शाळा. मुलगा-सून दिवसभर कामावर, म्हणून शिकवणी माझ्या गळ्यात. सकाळी सातला मी चहा घेऊन फोनसमोर बसते, तिकडं रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात आणि अक्का जांभया देत असते.

अमेरिकन व्हायचं कारण ऐकाल तर हसाल. तिला सांगलीत राहायचंय. ग्रीन कार्डावर इथं फार दिवस काढले की कार्ड धोक्यात येतं. तिकडचा पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना इथं येऊन राहू देणारं कार्ड) हातात आलं की वर्षभर राहिली तरी कोण विचारतंय!

नागरिकशास्त्राची मला काळजी नाही. यादीत १२८ प्रश्न, त्यातले २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर आले की झालं. सिनेटरची मुदत सहा वर्षं, म्हणजे आपल्या राज्यसभेसारखी, हे तिच्या लगेच ध्यानात राहिलं. राज्यघटनेचे पहिले तीन शब्द 'वी द पीपल' शिकवताना मी परिपाठातलं 'आम्ही भारताचे लोक' म्हणून दाखवलं, ते तर एका दमात पाठ.

घोडं अडलंय दोन ठिकाणी. एक, लिहिताना 'व' आला की गोंधळ. 'वोट'ला डब्ल्यू लावते आणि 'वॉन्ट'ला व्ही, बरोब्बर उलटं. दुसरं, बोलणं. काहीही विचारा, 'हं, हं' करत मान हलवते. 'यू हॅव नेव्हर बीन अरेस्टेड?' विचारलं तर ठणकावून 'येस!' म्हणजे, हो, नाही झाली अटक. मराठीत चोख उत्तर आहे, तिथं मात्र पंचाईत. चूक दाखवली की म्हणते, 'तुझ्या वेण्या मी घालत होते.' पोरं शिकवणं सोपं होतं हो.

मिरजेचा तंबोरा :
बाई, एवढा खटाटोप कशाला? पन्नाशीनंतर इंग्रजी माफ आहे. दुभाष्या घेऊन मराठीत परीक्षा देता येते.

माहेर सातारा, मुक्काम एडिसन :
तंबोरेबुवा, अर्धंच सांगितलंत. वय ५० आणि ग्रीन कार्डावर २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं, तेही अर्ज भरला त्या दिवशी पूर्ण असायला हवीत. अक्कांची सहाच आहेत. त्यांना इंग्रजी माफ नाही.

बाई, मी इथं अशा आजी-आजोबांना शनिवारी शिकवते. प्रश्नांच्या यादीवर लोक महिनोन्महिने घालवतात, पण माणूस अडतो तो स्वतःच्या अर्जावर. अधिकारी अर्जातलेच प्रश्न तोंडी विचारतो आणि इंग्रजी बोलता येतं का, हे त्यावरूनच ठरवतो. तेव्हा अर्जाची प्रत काढा आणि रोज एक पान विचारा. 'हं' ऐकू आलं की उत्तर चुकलं धरायचं. नकारार्थी प्रश्नाला 'नो, नेव्हर' असं पूर्ण म्हणायची सवय लावा, नुसतं येस-नो नको. कळलं नाही तर 'प्लीज रिपीट' म्हणायला लाजायचं नाही. तारखा महिना आधी घेऊन सांगायच्या. माझ्या एका आजोबांची जन्मतारीख पाच जुलै, ते सात मेच सांगत बसायचे.

लिहिण्याचं सोपं आहे, कारण शब्दांची यादी सरकारनंच छापलीय. त्या यादीत व्हीनं सुरू होणारा शब्द एकच, 'वोट'. बाकी वॉशिंग्टन, व्हाइट हाउस, वॉन्ट, वॉज, वी सगळे डब्ल्यूचे. एवढं सांगा, गोंधळ संपेल. तीनपैकी एक वाक्य जमलं की पुरे, आणि अर्थ लागत असेल तर बारीकसारीक स्पेलिंगवरून नापास करत नाहीत. नाहीच जमलं, तर ६० ते ९० दिवसांत राहिलेल्या भागाची पुन्हा संधी मिळते.

वाळव्याचा ऊसवाला :
अटकेच्या प्रश्नाला हसू नका बाई. आमचे आबा टेक्सासला धाकट्याकडं असतात. ऊसदराच्या आंदोलनात रास्ता रोको केला म्हणून एकदा संध्याकाळपर्यंत पोलीस ठाण्यात बसवून ठेवलं होतं. आबांच्या लेखी ती अटकच नव्हती, चहा-भजी झाली होती म्हणे! पण अर्जात जगात कुठंही, कधीही ताब्यात घेतलं होतं का, असं विचारतात. वकिलाला विचारून खरं ते लिहिलं, मुलाखतीत आबांनी 'शुगरकेन, प्राइस, रोड' एवढ्या तीन शब्दांत सगळा इतिहास सांगितला. झाले नागरिक. अक्कांनी सांगलीत एका फेरीत सहा महिन्यांवर मुक्काम केलाय का, तेही बघा. तिथं प्रश्न निघतात.

विश्रामबागच्या बाई :
सगळ्यात लांब मुक्काम चार महिने तेरा दिवस, पुतणीच्या लग्नाला. मोजला.

'वोट'ची युक्ती आज सकाळीच लागू पडली. 'नो, नेव्हर' मात्र असं म्हणते, जणू भाजीवाल्याला भाव नाकारतेय. चालेल का?

शेवटी एक शंका, तिनंच विचारलीय. शपथ झाली की भारताचा पासपोर्ट जमा करावा लागतो, हे काल तिला सांगितलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, त्यावर जन्मठिकाण सांगली लिहिलंय, नव्यावर लिहितात का?

माहेर सातारा, मुक्काम एडिसन :
भाजीवाल्याचा सूर चालेल, उलट स्पष्ट ऐकू येतो.
नाही हो बाई. नव्यावर नुसतं 'इंडिया' येतं.

विश्रामबागच्या बाई :
सांगते तिला. एस, ए, एन, जी, एल, आय. हे एक स्पेलिंग तिचं कधीच चुकलं नाही.