पोचलात कुठे?

आत्या: पुण्याहून पहाटे पाचला निघालात. आता पावणेचार वाजले. एकाचाही फोन लागत नाही. आज श्रावणी सोमवार, मी तुमच्याबरोबर उपास सोडीन म्हणून थांबलेय.

नाना: दोन्ही गाड्यांनी आंबोलीनेच यायचं ठरलं होतं. संकेश्वर, आजरा, आंबोली, सावंतवाडी. सरळ रस्ता.

काकू: आमची गाडी आंबोलीत आहे. आजऱ्यात घनसाळ तांदूळ घ्यायला थांबलो होतो. 10 किलो घेतलाय आत्या, मोदकांच्या पिठीला.

आत्या: आणि दादाची गाडी?

काकू: ते कोल्हापूरहून गगनबावड्याकडे वळले.

नाना: कुणाला विचारून?

वहिनी: आत्ता रेंज आली. गगनबावड्यात आहोत. कळे, साळवण करत पळसंब्याचं रामलिंग बघितलं. पाऊस, धुकं आणि ओहोळातली ती दगडी देवळं, मुलं निघायलाच तयार नव्हती.

नाना: करूळ घाटाने उतरा. भुईबावड्याने नको.

तात्या: खंय पोचलात रे मेल्यांनो? हिचो उपास, पण भूक माका लागली!

आत्या: तुम्ही गप्प बसा. दुपारी तीन आंबोळ्या कुणी खाल्ल्या?

काकू: साताऱ्याचे कंदी पेढे कोणत्या गाडीत आहेत? 2 किलो घेतले होते, एक नैवेद्याला.

वहिनी: आमच्या. एक खोका उघडला. धाकट्याला घाटात मळमळत होतं.

काकू: मळमळीवर पेढा?

वहिनी: मूल माझं आहे काकू, मला कळतं. गेल्या गणपतीतही हेच बोलणं झालं होतं.

काकू: मी नैवेद्याचं विचारलं फक्त. असो.

नाना: करूळ घाटाने उतरा. भुईबावड्याने नको.

मामी: शुभ संध्याकाळ सर्वांना 🙏 सावंतवाडीच्या चितारआळीतून माझ्यासाठी लाकडी फळांची परडी आणाल का? मागच्या परडीतला आंबा पाहुण्यांनी चावला होता.

तात्या: दात राहिले ना त्यांचे?

मामी: एक हलत होताच आधीपासून.

नाना: इथे माणसं घाटात आहेत आणि परड्या कसल्या मागवता? करूळ घाटाने उतरा.

दादा: नाना, उतरलो. पण भुईबावड्याने. धुक्यात फाटा कळला नाही, एका दुधाच्या टेम्पोच्या मागे मागे आलो. खारेपाटणला पोचलो. सगळे ठीक.

आत्या: देवा रवळनाथा! 🙏

नाना: तीन वेळा लिहिलं होतं.

दादा: घाटात रेंज नव्हती नाना.

काकू: आम्ही घरी पोचलो बरं का. आंबोलीचा रस्ता अगदी छान होता.

वहिनी: कळलं.

नाना: आता हायवेने तळेरे, नांदगाव, कणकवली, कुडाळ. कुठेही वळू नका.

दादा: कणकवलीत चहा घेऊ?

आत्या: घ्या रे, पण पटकन. अंधार पडायच्या आत या. नाना, तुम्हीपण यायला हवं होतं. ओटीवर तुमची खुर्ची पुसून ठेवलेय.

नाना: गुडघा साथ देत नाही गं. गणपतीला बघू. नकाशा समोर उघडून बसलोय, म्हणजे तुमच्याबरोबरच आहे.

मामी: परडीचं तेवढं बघा.

वहिनी: झाराप मागे पडलं. धाकटा विचारतोय, आंबोळ्या उरल्यात का?

आत्या: पीठ भरपूर आहे. तवा ठेवते. काळ्या वाटाण्याची उसळ तयार आहे, कांदा न घालता.

काकू: नारळ मी खवतेय. ये गं, पेढ्यांचं राहू दे.

वहिनी: दुसरा खोका शाबूत आहे काकू 🙂

नाना: परत येताना आंबोलीने या.