तीर्थनच्या ट्राउटला पिठाची गोळी चालेल का?

राजवाडा_इंदूर: मे महिन्यात आम्ही चौघे इंदूरहून हिमाचलात, बंजारजवळ तीर्थन नदीवर जाणार आहोत. इंदूरजवळच्या चोरल नदीवर पिठाची गोळी, गांडूळ आणि तंगूस एवढ्यात काम भागतं. ट्राउट माशासाठीही तेच न्यावं का? चौघांत एक परवाना पुरेल का? आणि आपल्यासारखी पावसाळी बंदी तिकडेही असते का?

गळ_आणि_रीळ: पीठ आणि गांडूळ घरीच ठेवा. ट्राउटच्या पाण्यात कृत्रिम आमिषच धरून चला, म्हणजे पिसा-धाग्यांची नकली माशी, स्पिनर (ओढताना गरगरणारं धातूचं पातं) किंवा स्पून (चमच्यासारखा धातूचा पत्रा). गांडूळ लावलं की मासा गळ थेट घशाखाली गिळतो. मग लहान मासा सोडून दिला तरी तो जगत नाही. स्पिनरवर तो बहुतेक वेळा ओठात अडकतो.

परवाना नावावर मिळतो, म्हणून चौघांचे चार काढा. किती मासे ठेवता येतात आणि ते किमान किती सेंटिमीटरचे हवेत, हे परवान्याच्या अटींत असतं. पाण्यात उतरण्याआधी ते वाचा आणि मोजपट्टी खिशात ठेवा. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीत मात्र मत्स्य विभागाचा परवाना दाखवून भागत नाही.

बंदीचं गणित तिकडे उलटं आहे. मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट बंदी असते, कारण आपले रोहू-कतला पावसाळ्यात अंडी घालतात. ब्राउन ट्राउट थंडीत, नदीच्या गोट्यांत अंडी घालतो, म्हणून हिमाचलात 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंदी असते. काश्मीरचा हंगाम वेगळाच, एप्रिल ते सप्टेंबर. तिथे परवाना नदीच्या ठराविक पट्ट्यापुरता असतो.

पक्कड_ठेवा: सामान हलकं घ्या. सहा-सात फुटांची अल्ट्रालाइट काठी, 1000 किंवा 2000 मापाचं रीळ, सहा पौंड ताण पेलणारा दोर. चोरलचा जाड तंगूस स्वच्छ पाण्यात माशाला दिसतो, आणि त्यावर तीन-चार ग्रॅमचा स्पिनर लांब जातही नाही. स्पिनर 1 आणि 2 नंबरचे घ्या.

बहुतेक स्पिनरना तिहेरी गळ असतो. त्याच्या जागी एकेरी लावा आणि उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. नंतर गळ कापडावर ओढून बघा, धागा अडकला तर काटा अजून शिल्लक आहे. दोर सैल पडला की बिनकाट्याचा गळ निसटतो, म्हणून मासा लागल्यावर ताण सोडू नका.

राजवाडा_इंदूर: धन्यवाद भाऊ. मासा सोडायचा असेल तर?

गळ_आणि_रीळ: आधी हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि बुरशी धरते. मासा पाण्यातच ठेवून गळ काढा, तोंड प्रवाहाकडे धरा आणि तो स्वतः झटका देईपर्यंत सोडू नका. मेमध्ये बर्फ वितळतं, दुपारनंतर पाणी चढतं आणि गढूळ होतं. सकाळी लवकर उतरा, दुपारी काठावर या.