बुलेट ३५०ला २८ मिमीचा कार्ब्युरेटर बसवावा का?

घोडबंदरकर: माझ्याकडे कास्ट आयर्न इंजिनाची जुनी बुलेट ३५० असून तिला मूळचाच २४ मिमीचा मिककार्ब कार्ब्युरेटर (हवा व पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) आहे. गायमुखच्या चढावर, मागे कोणी बसलेले असल्यास, गाडी दम टाकते. पाचशेच्या बुलेटचा २८ मिमीचा कार्ब्युरेटर लावल्यास ताकद वाढेल का?

वाशीकर: वाढेल, पण आपल्याला हवी तिथे नाही. मोठ्या व्हेंचुरीतून (कार्ब्युरेटरमधल्या हवेच्या अरुंद वाटेतून) कमी आरपीएमवर हवेचा वेग घटतो, जेटमधून (पेट्रोलच्या बारीक छिद्रातून) पेट्रोल नीट खेचले जात नाही आणि ज्या चढाची आपली तक्रार आहे तिथेच गाडी अधिक घुटमळते. फायदा दिसलाच तर वरच्या आरपीएमला, तोही इनलेट मॅनिफोल्डचे (कार्ब व इंजिन जोडणाऱ्या नळीचे) भोक जुळवून मेन (पूर्ण थ्रॉटलचा) व पायलट (मंद चालीचा) जेट बदलल्यावर. एवढ्या खटाटोपाआधी जुना कार्ब उघडून पाहावा.

जुना मेकॅनिक, कळवा: सहमत. थ्रॉटल स्लाइड (हवेची वाट कमीजास्त करणारा सरकता भाग) बोटाने हलवल्यावर खडखडत असेल, किंवा नीडल जेटचे (स्लाइडची सुई ज्यात वरखाली होते त्या जेटचे) गोल भोक लांबट झाले असेल, तर ते भाग आधी बदला. मग चढावर पूर्ण थ्रॉटल देऊन, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करा आणि प्लग काढून पाहा. पांढुरका असल्यास मिश्रण पातळ (पेट्रोल कमी), काळी काजळी असल्यास घट्ट (पेट्रोल जास्त). इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर मिश्रण पातळ होतेच; अशा वेळी मेन जेट थोडा मोठा घ्यावा.

घोडबंदरकर: आभारी आहे. स्लाइडवर उभे ओरखडे दिसत आहेत. केवळ स्लाइड बदलावी, की नवा २४चाच घ्यावा?

वाशीकर: बॉडीची आतली बाजूही झिजली असल्यास नवाच घ्या.