कार सबवूफरची कॉइल : तांबं की अ‍ॅल्युमिनियम?

सबवेडा (मालाड)
सब (खोल बास वाजवणारा स्पीकर, म्हणजे सबवूफर) रिकोनला, म्हणजे पेपर आणि कॉइल (मॅग्नेटमध्ये हलणारी तारेची गुंडाळी) बदलायला, दिला की हल्ली हमखास सल्ला मिळतो: "अ‍ॅल्युमिनियमची कॉइल टाका, हलकी असते, पंच वाढेल." मला हे अजिबात पटत नाही. कारच्या सबला तांब्याचीच वाइंडिंग हवी.

हलकेपणा ट्वीटरला (बारीक आवाज वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरला) कामाचा, तिथे एकेक मिलिग्रॅम मोजावा लागतो. सब वाजतो ८०-१०० हर्ट्झच्या खाली. बारा इंची सबचा पेपर (पुढचा शंकू), स्पायडर (कॉइल मध्यभागी धरणारी लवचीक चकती), कॉइल मिळून हलणारा भार सहज शंभर-दीडशे ग्रॅम असतो. त्यात कॉइलचे थोडे ग्रॅम वाचवून काय मिळवलं? उलट अ‍ॅल्युमिनियमची विद्युतवाहकता तांब्याच्या जेमतेम ६१ टक्के. शिवाय उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर लगेच ऑक्साइडचा थर चढतो आणि साधं सोल्डर धरत नाही. डिकीत सतत हादरे खाणाऱ्या सबमध्ये असा कच्चा जोड मला नको.

ठाणेकर
असहमत. तुम्ही एकाच जाडीच्या तारांची तुलना करताय. तेवढाच रोध हवा तर अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचा छेद साधारण १.६ पट घ्यावा लागतो, म्हणजे तार सव्वापटीहून थोडी जास्त जाड. एवढं करूनही वजन तांब्याच्या निम्मंच भरतं. आणि उष्णता सामावण्याचं म्हणाल, तर ही जाड कॉइल तांब्याच्या कॉइलपेक्षा किंचित जास्तच उष्णता पोटात घेते. सोल्डरसाठी कॉपर क्लॅड तार आहे की! वर तांब्याचा थर, आत अ‍ॅल्युमिनियम, जोड व्यवस्थित बसतो. चार थरांची लांब कॉइल असेल तर वाचलेलं वजन चांगलं जाणवतं.

सबवेडा (मालाड)
गणित मान्य, पण ती जाड कॉइल बसवणार कुठे? मॅग्नेटचा गॅप (ज्या फटीत कॉइल हलते ती) ठरलेला असतो. जाड तारेसाठी तो रुंद केला की चुंबकीय क्षेत्र कमी पडतं, म्हणजे वजनात कमावलेलं तिथे गेलं. नवा सब डिझाइन करणारा हे सांभाळून घेईल. आपण बोलतोय ते तयार सबच्या रिकोनबद्दल.

कॉइलवाला (कुर्ला)
मी रोज हेच काम करतो. तुम्ही दोघं तारेवर भांडताय, पण सब मरतो तो बहुतेक वेळा गोंद सुटल्याने. दोन्ही अंगठ्यांनी पेपर सरळ खाली दाबा. खर्र आवाज आला की समजायचं, वेढे बॉबिनवरून (तार गुंडाळलेल्या नळीवरून) सुटून गॅपमध्ये घासताहेत. उघडल्यावर तार अखंड मिळते, बॉबिन मात्र तपकिरी पडलेली असते आणि वेढे एका बाजूला सरकलेले. म्हणून आधी विचारा, बॉबिन कसली आहे? कागदी असेल तर जोरात वाजवणाऱ्याने घेऊच नये. कॅप्टॉन हे प्लॅस्टिक उष्णता झकास सोसतं. मोठ्या कॉइलला मी ग्लास फायबर सुचवतो, ती कडक असते, लांब स्ट्रोकला (मोठ्या पुढे-मागे हालचालीला) वाकत नाही.

बीकेसी पार्किंग
काका, अ‍ॅल्युमिनियमची बॉबिन कशी विसरलात? मुंबईत गाडी दिवसभर उन्हात उभी. संध्याकाळी निघायच्या वेळी डिकी आधीच भट्टी झालेली असते, त्यात हायवेवर तासभर सब चालतो. कॉइलची उष्णता पटकन बाहेर काढणारी धातूची बॉबिनच इथे हवी. कॉइल १०० अंशांनी तापली की रोध ४० टक्क्यांच्या आसपास वाढतो, म्हणजे आवाज जवळजवळ तीन डेसिबलपर्यंत बसतो. यात तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम दोघं सारखेच, त्यामुळे थंड ठेवण्याला पर्याय नाही.

कॉइलवाला (कुर्ला)
भाऊ, उष्णता बाहेर जाते, पण जाते कुठे? वर, जिथे पेपर आणि स्पायडर बॉबिनला चिकटवलेले असतात. तिथला गोंद नरम पडला की सगळंच हातात येतं. दुसरं, ती बॉबिन चुंबकीय क्षेत्रात हलणारा धातू आहे. तिच्यात भोवरी प्रवाह तयार होतात आणि ते ब्रेकसारखे ओढतात. म्हणून तिला उभी चीर ठेवावी लागते, तरी थोडी ओढ राहतेच.

बीकेसी पार्किंग
चांगला इपॉक्सी वापरला तर तो जोड टिकतो. आणि ओढ म्हणाल, तर सबला ती एवढी बाधत नाही, कारण डॅम्पिंगचा (हालचाल आवरण्याचा) मोठा वाटा मॅग्नेट आणि कॉइलचाच असतो. दिवसभर तापलेल्या गाडीत मी थंड कॉइललाच मत देणार.

ठाणेकर
सबवेडा, रिकोनचाच मुद्दा घ्या. मूळ कॉइल कॉपर क्लॅड असेल आणि तुम्ही हट्टाने तेवढ्याच रोधाची तांब्याची बसवलीत, तर कॉइलचं वजन दीडपटीहून जास्त होईल. रेझोनन्स (सबची नैसर्गिक कंपनसंख्या) खाली सरकेल, सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच पॉवरला मिळणारा आवाज) घटेल, आणि पोर्टेड बॉक्स (हवेसाठी भोक असलेला) मूळ सबच्या हिशोबाने बनवलेला असेल तर तोही चुकेल. "तांब्याचीच" हा नियम होऊ शकत नाही.

सबवेडा (मालाड)
मूळ तांब्याची असेल तर हलकी टाकू नका, एवढ्यावर मी ठाम आहे. पण ग्राहकाला मूळ तार कोणती ते कळणार कसं? वरून दोन्ही तांबूसच दिसतात.

कॉइलवाला (कुर्ला)
जळलेली कॉइल दुकानातून परत मागून घ्या. टोकाकडची तार ब्लेडने तिरकी कापा, नुसतं वरचं इनॅमल खरवडून भागत नाही. आत पांढरट चमक दिसली तर कॉपर क्लॅड, आरपार तांबूस असेल तर शुद्ध तांबं. वेढ्यांचे थर मोजा, बॉबिनचा व्यास आणि वाइंडिंगची उंची व्हर्नियरने घ्या, आणि हे सगळं लिहून मगच नवी कॉइल मागा.